फालतू भाग

गल्लीत त्यांना सगळे कॅसेटकाका म्हणत. टीव्ही-दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर हा माणूस गप्प बसेल तर शपथ! जुन्या व्हिडिओ कॅसेटी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून त्यांच्या डिस्क करून द्यायचं काम त्यांनी काढलं. टेबलावर डावीकडे व्हीसीआर, उजवीकडे कॉम्प्युटर, मध्ये दोघांना जोडणारी काडेपेटीएवढी डबी. या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच घेते, मग तुम्ही कोणी का लागून गेलेले असा ना. तेवढ्या वेळात काकांना बाजारात जाऊन येता आलं असतं, पण ते जात नसत. जाऊन करणार काय? बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. परक्यांच्या घरची का होईना, माणसं समोर हसत-बोलत असत, तेवढाच घराला आवाज.

कामात मात्र काका भारी टापटिपीचे. लोक कॅमेरा बंद करायला विसरतात, मग अर्धा अर्धा तास फरशी, चपला आणि कोणाची तरी बडबड. असला फालतू भाग काका सरळ कापून टाकत आणि डिस्क हातात ठेवताना ऐटीत सांगत, "तांदूळ निवडून दिलेत. खडा सापडायचा नाही."

एक निवृत्त मास्तरीणबाई मात्र डिस्क घेऊन परत आल्या.

"काका, शेवटचा भाग कुठंय?"

"कुठला हो?"

"आमच्या ह्यांनी कॅमेरा खिडकीत ठेवला होता. दिसत काहीच नाही, नुसता पडदा. पण आम्ही चष्म्यावरून भांडतोय. सगळं घर पालथं घातलं, आणि चष्मा ह्यांच्याच डोक्यावर!"

"ते होय? ते कापलं मी. फालतू होतं."

"अहो, फोटोतले ते भिंतीवर आहेतच की. मला ते भांडणच हवं होतं."

नशीब, बाईंनी कॅसेट टाकली नव्हती. काकांनी ती कात्री न लावता पुन्हा उतरवून दिली. बाई खूश होऊन गेल्या, आणि दार लावून काका तडक स्वतःच्या डिस्कच्या कपाटाकडे वळले.

कारण सगळ्यात आधी त्यांनी स्वतःच्याच अकरा कॅसेटी केल्या होत्या. तशाच निवडून, पाखडून. वर जागा अडते म्हणून कॅसेटी भंगारात दिल्या होत्या. त्यांनी घाईघाईने आपल्या डिस्क लावून बघितल्या. बायको सगळीकडे होती. बागेत, जिन्यात, नव्या फ्रिजशेजारी, कॅमेऱ्याकडे बघून हसत उभी. ती बोलायला तोंड उघडते न उघडते तोच पुढचं दृश्य. अकरा कॅसेटींत तिचं एक धड वाक्य उरलं नव्हतं. ती काय काय म्हणायची ते सगळं काकांना आठवत होतं, पण ते तिच्या आवाजात ऐकू येईना. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला, आता रडायचं कोणापाशी?

दोन दिवस त्यांचं कशात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी मेहुणी आठवली. तिच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचं शूटिंग काकांनीच केलं होतं आणि तिला एक प्रत दिली होती, या मशीनवरून त्या मशीनवर उतरवलेली, जशीच्या तशी. तेव्हा कापायची सोयच नव्हती. अडचण एवढीच की बायको गेल्यावर मेहुणीने बरेचदा फोन केले, काका एकदाही दोन शब्द धड बोलले नाहीत, आणि फोन यायचे थांबले. आता कोणत्या तोंडाने मागायचं? तरी त्यांनी नंबर फिरवला.

"मी बोलतोय."

"भावोजी? बरे आहात ना?"

"ती वाढदिवसाची कॅसेट आहे का गं अजून?"

"माळ्यावर आहे. पण लावणार कशावर? आमचं मशीन कधीच मोडीत गेलं."

"मी माझं घेऊन येतो."

"म्हणजे शेवटी कॅसेटच आठवली होय!" मेहुणी म्हणाली. मग म्हणाली, "या."

व्हीसीआर मांडीवर घेऊन काका सव्वा तास बसमध्ये बसले. मेहुणीने कॅसेट पुसून ठेवली होती. मुलगी नोकरीसाठी लांब, घरात तीही एकटीच. दोघं टीव्हीसमोर बसली. केक झाला, फुगे झाले, पोरांची रडारड झाली. मग चित्र हललं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर येऊन थांबलं. काकांनी कॅमेरा ओट्यावर ठेवला होता आणि बंद करायला विसरले होते. भांडी घासल्याचा आवाज आला. आणि मग ती.

"अगं, कधी विचारू?" बायको बहिणीला सांगत होती. हसतच सांगत होती. "पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास काढू का, एवढंच विचारायचंय. पण ह्यांच्या डोळ्याला सदा तो कॅमेरा. बोलायला गेलं की म्हणतात, गप, आवाज येतो त्यात. नुसती हस."

"मग?"

"मग काय. हसते."

क्लास कधी निघालाच नव्हता. तिने नंतर कधी विचारलं होतं का, हेसुद्धा त्यांना आठवेना. टीव्हीवर कपाटाचं दार तसंच होतं आणि ती, न दिसता, बहिणीला कसल्याशा कापडाचा भाव सांगत होती.

मेहुणीने घाईने रिमोट उचलला. "भावोजी, मनाला लावून घेऊ नका. ताई काय, उगाच बोलायची. बंद करते मी."

"नको," काका म्हणाले. "बोलू दे तिला."