हवालदारकाकांचं पापलेट

माणूस गेला की त्याचे किस्से जास्तच वाढतात. बोईसरच्या आमच्या कारखान्यातली आम्ही चार-पाच रिटायर मंडळी रविवारी सकाळी पाम गावच्या नाक्यावर चहाला जमतो. विषय शुगरचा नाहीतर गुडघ्यांचा असतो. पण दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "आज काका असते तर...", आणि चहा गार होतो!

काका म्हणजे आमच्या गेटवरचे सिक्युरिटी सुपरवायझर. मूळचे एडवणचे, मासेमारीच्या घरातले. एकाहत्तरची लढाई लढले, हवालदार होऊन फौजेतून परतले आणि पुढे वीस वर्षं आमचं गेट सांभाळलं. चालताना डावा पाय किंचित ओढायचे. दोन महिन्यांपूर्वी गेले.

*

एका पंधरा ऑगस्टला नव्या मॅनेजरसाहेबांना हौस आली. काकांना माईकसमोर उभं करून म्हणाले, "लढाईतला एखादा थरारक प्रसंग सांगा!"

काकांनी कडक सॅल्यूट ठोकला. "थंडी लय होती. बायकोनं सुके बोंबील पाठवले होते. अख्ख्या पलटणीनं खाल्ले. जय हिंद!"

संपलं भाषण! टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणालाच कळेना.

*

काकू बोईसरच्या बाजारात मासे विकायच्या, त्यामुळे पहाटेच घराबाहेर. दोन्ही मुलींच्या वेण्या घालायचं काम काकांकडे. आयुष्यात एकदाच ते ड्युटीवर उशिरा आले. मी टाइम ऑफिसला होतो. रजिस्टरात कारण लिहा म्हटलं, तर ठळक अक्षरात लिहिलं, 'धाकटीची रिबीन सापडत नव्हती.'

मी म्हटलं, "काका, 'घरगुती अडचण' लिहा की!"

"अडचण कसली? पोरगी हाय माजी!"

*

काकू शाळेची पायरी न चढलेल्या. फौजेतून काकांचं पत्र आलं की गावचे गुरुजी ते ओटीवर मोठ्यानं वाचायचे. सासू-सासरे, शेजारपाजारी, सगळे हजर! अशा पत्रात बायकोला काय लिहिणार, कपाळ? म्हणून काका पत्राच्या कोपऱ्यात एक पापलेट काढायचे. शेपटीसकट पापलेट म्हणजे 'मी बरा हाय'. हे फक्त दोघांनाच ठाऊक.

पत्रं तपासणाऱ्या साहेबाला संशय आला. बोलावून दरडावलं, "ये कौन सा कोड है?"

"पापलेट है, साब."

साहेबानं कागद उलटसुलट करून पाहिला. "छुट्टी से आओगे तो दो लेते आना!"

*

पुढचं मात्र काकांनी कधीच सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं.

लढाईच्या दिवसांत एक पत्र आलं. गुरुजींनी वाचलं, 'सर्व क्षेम आहे.' घरात साखर वाटली. काकूंनी कोपरा पाहिला. पापलेटाला शेपूट नव्हतं.

त्यांनी साखर पदरात बांधून ठेवली. कोणाला एक अक्षर बोलल्या नाहीत. महिन्याभरानं काका कुबडी घेऊन एसटीतून उतरले तेव्हा गाव रडलं, काकू नाही. "मी आदीच रडून घेतलेलं," म्हणाल्या.

मला याचं अजून वाईट वाटतं. एवढी बातमी एकटीनं पोटात ठेवायची, हे काय सोपं आहे?

*

शेवटी काकांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी दुपारी पालघरच्या हॉस्पिटलात गेलो तेव्हा डॉक्टर मुलींना सांगत होते, "त्यांना कितपत कळतंय, काही सांगता येत नाही."

काकूंचं एकच चाललं होतं. "मला वळकतात ना? तेवडं सांगा!"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

काकांचा डावा हात चादरीवर काहीतरी काढल्यासारखा सारखा हलत होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातलं पेन काढून त्यांच्या बोटांत दिलं आणि औषधाचं खोकं उकलून त्याची कोरी बाजू समोर धरली. फार वेळ लागला. आधी एक वाकडातिकडा गोल झाला. मग त्यात एक डोळा. मग पेन गळून खाली पडलं.

शेपूट नव्हतं.

काकूंनी शेपटीच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. मग जन्मात कधी पेन न धरलेल्या त्या बाईनं वाकून ते उचललं, मुठीत घट्ट धरलं आणि शेपूट काढलं.