साभार परत, घरातल्या घरात

माझ्या धाकट्या दिरांइतका निर्दय संपादक पृथ्वीच्या पाठीवर झाला नसेल, आणि त्यांच्या अंकाइतका कमी खपाचा अंकही. प्रत एकच. लेखक घरचे, वाचक तेच. भावजी सगळा अंक स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून काढत आणि दिवाळीत तो डोंबिवलीहून निघे. आठ दिवस कल्याणला आत्याबाईंकडे, आठ दिवस ठाण्याला काकांकडे, असं करत संक्रांतीला परत येई, तेव्हा प्रत्येक पानावर कुठल्या घरची चकली जास्त तेलकट ते कळत असे.

भावजी मानपाड्याजवळ एका रंगाच्या कारखान्यात तपासनीस होते. दिवसभर डबे नापास करायचे आणि संध्याकाळी आम्हाला. सासूबाईंनी मुळ्याच्या भाजीवर लेख दिला, तर ‘पाणी फार सुटलंय’ असं लिहून परत. आत्याबाईंचं काशीचं प्रवासवर्णन कल्याण स्टेशन सोडायलाच अकरा पानं घेतं म्हणून परत. मात्र माझी सहा वर्षांची भाची लिहून गेली, ‘एक मांजर होती. ती गेली.’ ते पहिल्या पानावर. वर शेरा, ‘पाल्हाळ नाही.’ त्या मांजरीचा मला आजही राग आहे.

कारण मी तेव्हा नवी नवरी होते आणि स्वतःला कवयित्री समजत असे. पोळ्या लाटताना मान अशी तिरकी ठेवायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला काहीतरी सुचतंय. सुचत काही नसे, पोळ्या तेवढ्या करपत. टोपणनाव घेतलं होतं ‘निशिगंधा’, आणि अंगाला वास कायम फोडणीचा. अशा त्या निशिगंधेने बारा कडव्यांची कविता लिहिली, ‘चंद्रा, तू कुठे हरवलास?’ चंद्र हरवला होता कारण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडत होती, पण हे कवितेत सांगायची सोय नव्हती.

भावजींचा नियम असा की साहित्य टपालाने पाठवायचं आणि सोबत आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. आम्ही राहत होतो एकाच घरात, मध्ये एक पडदा. तरी मी नाक्यावरच्या पेटीत कविता टाकून आले. चार दिवसांनी पोस्टमन आला. दार उघडलं भावजींनीच. साळसूद चेहऱ्याने पाकीट माझ्या हातात देत म्हणाले, “वहिनी, तुमचं काहीतरी आलंय.” आत चिठ्ठी होती: ‘वहिनी, चंद्र काल पाण्याच्या टाकीमागे होता. साभार परत.’

मी पिठल्यात रडले. त्या दिवशी पिठलं खारट झालं आणि भावजींनी तेही नापास केलं. पुढची कितीतरी वर्षं, आमचं बिऱ्हाड डोंबिवलीबाहेर हललं तरी, मी दर दिवाळीला तीच कविता नव्या शाईने पाठवत राहिले आणि ती दर वेळी परत येत राहिली. बाकीच्या बायका भाऊबीजेला साड्या मोजत, मी चिठ्ठ्या.

गेल्या वर्षी भावजींना मोठं दुखणं आलं. त्यातून उठले, पण जाऊबाईंचा फोन आला तो पडलेल्या आवाजात. म्हणाल्या, हल्ली हे कशालाच नाही म्हणत नाहीत. परवा आमटीत मीठ घालायचं राहिलं, तरी छान झाली म्हणाले. अंकाचं तर नावच काढत नाहीत.

मी नातीला घेऊन डोंबिवली गाठली. पिशवीत मुद्दाम तीच कविता. म्हटलं, ही ऐकून माणूस खाटेवरून उठून भांडेल. बाराही कडवी वाचली, एका ठिकाणी तर गायलेसुद्धा. भावजी खिडकीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “छान आहे, वहिनी. घेऊन टाकू.”

ज्या दोन शब्दांसाठी निशिगंधेने आयुष्य जाळलं, ते असे फुकट मिळाले. परतताना रिक्षात डोळे थांबेनात. नात गोंधळली. “आजी, सिलेक्ट झाली ना तुझी पोएम? मग रडतेस काय?” तिला काय सांगणार. मला कविता छापून यायला नको होती गं, मला माझा संपादक परत हवा होता.

घरी आले आणि तीच कविता पुन्हा लिहून काढली. आणखी दोन कडवी जोडली, पहिल्या बारांनाही लाज वाटेल अशी. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आणि नियमाप्रमाणे पोस्टात टाकलं. मग रोज दुपारी खालच्या पत्रपेटीपर्यंत माझ्या फेऱ्या. वॉचमनला वाटलं, आजींना कोर्टाची नोटीस यायची आहे.

नवव्या दिवशी पाकीट आलं. आत माझी चौदा कडवी आणि चिठ्ठी. वळणदार अक्षराची पार दशा झाली होती, ओळ उजवीकडे घसरत कागदाच्या कडेला जाऊन टेकली होती. ‘वहिनी, तोंडी साहित्याला तोंडदेखलं उत्तर दिलं होतं. चंद्र अजून टाकीमागेच आहे. साभार परत.’

ती टाकी पाडून कैक वर्षं झाली. तिथे आता लिफ्टवाली इमारत आहे आणि तिच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळतात. पण संपादकांनी म्हटलंय, तेव्हा असेल. चिठ्ठी मी बाकीच्यांबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि आज सकाळपासून सूर्यावर कविता लिहायला बसले आहे. चांगली होऊ नये म्हणून फार जपावं लागतंय.