बांधावरचा फेअर

इंग्लंडातल्या लिंकनशरच्या त्या किनाऱ्यावर सगळ्यालाच फेअर, म्हणजे ठीकच, म्हणत. हवा फेअर, बाजारभाव फेअर, वाटणी फेअर. कालच पाय कापलेल्या माणसाला विचारलं, तरी तो उशीवरून फेअरच म्हणे. त्याहून जास्त बोलणं बढाई, कमी बोलणं रडगाणं.

एझ्रा पॉकली एकतीस वर्षं समुद्रबांधाचा राखणदार होता. भरती ओसरली की चार मैल बांध चालायचा, सशांची बिळं बुजवायची आणि कचेरीत फोन करून तोच एक शब्द सांगायचा. त्याच्या आधीच्या राखणदारानं एकदा दुसरा शब्द वापरला. गावानं गुरंढोरं चर्चच्या टेकडीवर नेली आणि समुद्र काही आला नाही. मरेपर्यंत त्याला पोरंटोरं बायबलातल्या महापुराच्या गोष्टीवरून चिडवत, "नोहाकाका, तारू कुठवर आलं?"

नोव्हेंबरातल्या एका सकाळी, लेकीच्या परसामागं बांधाच्या पायथ्याशी एझ्रा थबकला. पाणी तिथं नेहमीच पाझरे, पण स्वच्छ. त्यानं जवळचा पत्र्याचा मग पाण्यानं भरून उजेडात धरला. पाणी गढूळ होतं. म्हणजे बांधाची माती वाहून येत होती, बांध आतून पोखरला जात होता. आणि महिन्यातली सर्वांत मोठी भरती आज संध्याकाळी होती.

"फेअर?" कचेरीतल्या टनर्डसाहेबांनी फोन उचलताच सवयीनं विचारलं.

"पाझर गढूळ आहे, साहेब."

"वाळूचं असेल. हे बघा, पॉकली, तुम्ही म्हणाल तर धोक्याची घंटा वाजवतो. पण तुमच्या नावानं वाजेल हं. नोहा दुसरे!" टनर्ड स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसले. "मग काय लिहू?"

एझ्रानं सोबत आणलेल्या मगाकडं पाहिलं. तळाशी बोटभर गाळ बसला होता.

"तसं... फेअरच लिहा."

तो तडक लेकीकडं गेला. एडना कणीक मळत होती, तान्हं पाळण्यात झोपलं होतं.

"बाळाला घे अन् आजची रात्र आमच्याकडं चल. तुझी आई वाट बघतेय."

"आज? भट्टी तापलीय, बाबा. काय झालं? बांध बरा आहे ना?"

एकदाच खरं सांगायचं होतं, तेही चार भिंतींच्या आत, स्वतःच्या मुलीला. एझ्रानं तोंड उघडलं. एकतीस वर्षांची जीभ, ती आपल्या वाटेनं गेली.

"फेअर."

"मग झालं तर! उद्या येते, ताजा पाव घेऊन." एडनानं हात झटकले, मागचं दार उघडून बाहेर पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "पाऊस तर नाही पडला. मग हे पायरीशी पाणी कसलं?"