सहा किलो जास्त

माझी मुलगी पोल व्हॉल्ट करते. म्हणजे लांब पोल घेऊन धावत सुटायचं, तो जमिनीतल्या खाचेत टेकवायचा, वाकला की त्याच्या जोरावर वर जायचं आणि आडव्या दांडीपलीकडे गादीवर पडायचं. गव्हाणला आमच्या आळीत याला ‘बांबूवरची उडी’ म्हणतात. कुठल्याही हळदीला गेलो की कुणीतरी विचारतंच, “पोरगी अजून बांबूवर उडते काय?” मी हो म्हणतो. देशातल्या पहिल्या चार मुलींत तिचं नाव आहे हे मात्र सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न नोकरीचा असतो.

दोन वर्षांपूर्वी तिच्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाने तिला एका खास योजनेत घेतलं. पत्रात ‘सर्वांगीण’ हा शब्द तीनदा होता. सर्वांगीण शिबिर, सर्वांगीण आहार, सर्वांगीण वैद्यकीय देखरेख, आणि शेवटी, तिच्या मापाचे दोन परदेशी पोल. हे शेवटचं वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. पोल हा खेळाडूच्या वजनाप्रमाणे बनतो. वजनाला कमी पडणारा घेतला तर तो मोडू शकतो, आणि मोडतो तेव्हा खेळाडू हवेत असतो. म्हणून फॉर्ममध्ये वजनाचा रकाना होता. त्यात मी माझ्या सुंदर अक्षरात ‘बावन्न किलो’ असं लिहिलं.

आता माझं सांगतो. मी पनवेलला एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून आहे. न्हावा शेव्याला परदेशातून माल उतरतो, तो कस्टममधून कागदोपत्री सोडवायचा, हे माझं पंचवीस वर्षांचं काम. पोल जहाजाने येणार हे कळलं तेव्हा मीच शेठच्या मागे लागून महासंघाचं काम आमच्या ऑफिसला मिळवून दिलं. पंधरा दिवसांत माल सोडवून देतो, असं घरी छाती फुगवून सांगितलं.

पोल अकरा महिने कंटेनर यार्डात पडून राहिले. आमच्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटांच्या अंतरावर.

खेळाच्या सामानाला शुल्कमाफी असते, पण त्यासाठी महासंघाचा दाखला लागतो. पहिला दाखला आला तो शिक्क्याशिवाय. दुसरा आला त्यावर शिक्का होता, सही नव्हती. सही करणारे साहेब तेव्हा युरोपात होते. तिथले लोक आपले खेळाडू कसे तयार करतात याचा अभ्यास करायला गेले होते. अभ्यास जोरात चालू असावा, कारण बोटीतले, डोंगरावरचे आणि चीजच्या दुकानातले त्यांचे फोटो नियमित येत होते. ते परतल्यावर नवीनच शंका निघाली की हे पोल खेळाचं साहित्य आहे की बांधकामाचं. त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली. तज्ज्ञांनी चार महिने विचार करून ते खेळाचंच असल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्या पार्टीच्या कामाला यार्डात गेलो की मी त्या कंटेनरसमोर उभा राहून यायचो. त्याचा नंबर मला अजून पाठ आहे.

इकडे मुलगी शिबिरात होती. तिथे तिला अंडी, दूध, पनीर मिळायचं, लोखंड उचलायला लावायचे, वेळेवर झोपवायचे. रोज सकाळी वजन करून तक्त्यात लिहायचे आणि तो तक्ता मुख्य कार्यालयात जायचा. दहा महिन्यांनी ती घरी आली तेव्हा तिच्या आईने शिवलेला ड्रेस खांद्यात अडकला. अठ्ठावन्न किलो झाली होती, सगळं वजन दंडात आणि मांड्यांत. तिचे सर खूश होते, आता हिला भारी पोल झेपेल, ही अजून वर जाईल म्हणाले. हे काम महासंघाने खरोखर उत्तम केलं. ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर कृतघ्न ठरेन.

भारतीय संघाच्या निवड चाचणीला दीड महिना असताना पोल सुटले. पाइपसारख्या लांब खोक्यातून घरी आले. खोकं हॉलमध्ये मावेना, म्हणून एक टोक खिडकीतून बाहेर काढलं. बायकोने नारळ फोडला. शेजारीपाजारी जमले. मुलीने एक पोल बाहेर काढला, त्यावरचा स्टिकर वाचला, दुसरा काढला, तोही वाचला आणि दोन्ही परत आत सरकवले.

“बाबा, यांच्यावर बावन्न लिवलंय.”

मी दिल्लीला महासंघाच्या मुख्य कार्यालयात फोन लावला. खरेदी विभागातला माणूस फार सभ्य होता. फॉर्मवर जे वजन आहे तेच मागवलं, म्हणाला. मी म्हटलं, अहो, तुम्हीच तिला खाऊ घातलंत, रोज सकाळी तुम्हीच वजन केलंत. तो म्हणाला, ते प्रशिक्षण विभाग करतो, त्यांचा तक्ता आमच्याकडे येत नाही. प्रशिक्षण विभाग कुठे आहे, विचारलं. वरच्या मजल्यावर, म्हणाला.

मग पत्र आलं. महासंघाचं एवढं झटपट आलेलं पत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. ‘खेळाडूने आपले वजन उपलब्ध साहित्याशी सुसंगत करून घ्यावे.’ सोबत आहाराचा तक्ता. शिबिरातल्या ज्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला पनीर खाऊ घातलं होतं, त्यांचीच सही. सकाळी काकडी, दुपारी उकडलेला दुधी, संध्याकाळी पुन्हा काकडी.

इथे मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी म्हणालो, “सहाच किलो तर हाय. कर की थोडं.” आयुष्यभर माल आणि कागद जुळवत आलो, त्यामुळे कागदावर बावन्न असेल तर माल बावन्नचा असावा, असं मला अगदी साहजिक वाटलं.

बायको भांडी घासत होती. हातातलं पातेलं घेऊनच बाहेर आली.

“सहा किलो? कंचे सहा किलो काढू तिच्यातून, ते पन सांगा ना. हात काढू का पाय काढू?”

मुलीने दहा दिवस दुधी खाल्ला. अकराव्या दिवशी मैदानावर धावता धावता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पोलसकट खाली बसली. नशीब, उडी घेण्याआधी. सर तिला स्कूटरवरून घरी घेऊन आले. संध्याकाळी तिने आईकडे भात मागितला, वर बोंबलाचं कालवण मागितलं, आणि जेवता जेवता मला विचारलं, “बाबा, तुमच्या हापिसात चुकीचा माल आला तं काय करता?”

“परत पाठवतो.”

“घेनाऱ्याला बारीक व्हायला सांगता काय?”

मी नाय म्हणालो. त्याच रात्री मी महासंघाला पत्र लिहिलं: माल खेळाडूच्या वजनाचा नाही, परत न्यावा, योग्य वजनाचे पोल द्यावेत. शेवटच्या मागणीचं उत्तर आलं नाही. पहिली मात्र तत्परतेने मान्य झाली. खेळाडूने साहित्य नाकारल्याची नोंद घेतली आहे, पोल मूळ वेष्टनात पाठवावेत.

चाचणीला ती एका निवृत्त खेळाडूकडून मागून आणलेल्या पोलवर उडाली. तो तिच्या वजनाला चालणारा होता, पण आखूड. शेवटच्या उंचीला तिन्ही वेळा तिच्या छातीने दांडी पाडली. दोघी जायच्या होत्या, ती तिसरी आली. मी स्टँडमध्ये तोंडावर रुमाल धरून रडलो. ती नाही रडली. पोल पुसून ज्याचा त्याला परत देऊन आली. महिन्याभरात योजनेतून नाव वगळल्याचं पत्र आलं. कारण दिलं होतं, सर्वांगीण प्रगती समाधानकारक नाही.

पोल परत पाठवायला आम्ही दोघं कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेलो. हमालांनी खोकं मोठ्या काट्यावर ठेवलं, कारकुनाने वजन लिहिलं, खोकं उतरवलं. काटा रिकामा झाला तशी मुलगी चप्पल काढून त्यावर चढली. काटा अठ्ठावन्नवर थांबला. ती आकड्याकडे बघत तशीच उभी राहिली.

कारकून हसला. “हिला पन पाठवायची काय दिल्लीला?”

“नाय,” ती म्हणाली. “माझ्यात काय चूक नाय.”