पंचांची स्कूटर

आमच्या ऑनलाइन कार रेसिंगच्या ग्रुपचे पंच बिबवेवाडीत माझ्याच सोसायटीत राहतात. एरवी आयटीत मॅनेजर, पण रविवारी दुपारी कॉम्प्युटरला स्टिअरिंग जोडलं की साक्षात धर्मराज. कुणी कुणाला ठोकलं की हेडफोनमध्ये त्यांचा शांत आवाज येतो, "अहो, मधल्या पेडलला ब्रेक म्हणतात. आपल्याकडे आहे ना?" शिव्यांना न बधणारी पोरं त्या 'आपल्या'ला टरकतात.

पंच स्वतःही रेसमध्ये उतरतात. मागच्या रविवारी शेवटच्या वळणावर त्यांची गाडी माझ्या गाडीला किंचित घासली आणि माझी गाडी गरकन फिरली. मला वाटलं, चूक माझीच. पंच मात्र शेवटच्या रेषेच्या अलीकडे चक्क थांबले.

"अहो, धक्का माझा होता. आधी तुम्ही जा."

मी जिंकलो. जिंकून इतका कधी ओशाळलो नव्हतो.

सोमवारी सकाळी कार घेऊन कोपऱ्यावर वळलो, तर समोरून उलट्या दिशेने स्कूटर. हॉर्न वाजवत पंच!

"साहेब, तुम्ही? राँग साइडने?"

"अहो, तिथे नुसती रेस असते," ते शांतपणे म्हणाले. "इथे मला वेळेत ऑफिसला पोचायचंय. घ्या मागे."

मी घेतली.