रिकाम्या पाकिटांचे सहा महिने

गल्लीत तिला कुलूपताई म्हणत. तिचं सगळं काम फोनवरच्या निरोपांना कुलपं लावायचं, म्हणून. मायाळू बाई, शेजारणीचं मूल रात्रभर सांभाळील, स्वतःची छत्री दुसऱ्याला देऊन भिजत घरी येईल. पण एक राग मात्र तिनं अकरा वर्षं राखेखालच्या विस्तवासारखा जपला होता.

तिचा दादा टायरच्या कारखान्यात साच्यावर होता. तिथली माणसं संघटना बांधायला निघाली, तेव्हा कारभार पाहणाऱ्या साहेबानं कंपनीनं दिलेल्या फोनांची यादी मागवली. बोलणं एकाचंही ऐकलं नाही. कोणी, कोणाला, किती वाजता, किती वेळा, एवढंच पाहिलं. दादानं संघटनेच्या पुढाऱ्याला तीन दिवसांत चौदा फोन केले होते. चौदाही पुढाऱ्याच्या बायकोला रक्त मिळवण्यासाठी. दादा संघटनेत नव्हताच. तरी त्याला काढलं.

"आम्ही तुमचं काही ऐकलेलं नाही हो," साहेब गोड आवाजात म्हणाला. "पण चौदा म्हणजे चौदा."

घरात त्या साहेबाचं नाव 'यादीवाला' पडलं. दादा आता दवाखान्यात लिफ्ट चालवतो. "दिवसातून शंभरदा वर जातो, आणखी काय पाहिजे?" म्हणतो आणि स्वतःच हसतो. कुलूपताई त्या विनोदाला एकदाही हसली नाही.

तिनं हिशेब सरळ केला. निरोपाला कुलूप लावणारे पुष्कळ आहेत, पण दादाचा घात निरोपानं केलाच नव्हता. पाकिटावरच्या पत्त्यानं केला होता. म्हणून तिनं असं यंत्र रचलं, की ते वापरणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या फोनमधून दर दहा मिनिटांनी एक पाकीट निघणार, काही सांगायचं असो वा नसो. सगळी एका मापाची, बंद, बहुतेक रिकामी. मधल्या मशीनवर ती पत्त्यांसारखी पिसायची आणि पुढे वाटायची. बाहेरून पाहणाऱ्याला सगळेच सतत बोलताना दिसणार. मग मोजणारा मोजणार काय, कपाळ? कोणाचं पाकीट कुठलं, हे खुद्द कुलूपताईलाही कळत नसे. तसंच तिनं बांधलं होतं.

मशीनला जागा टर्नरकाकांनी दिली. काकांचा जन्म त्याच कारखान्यात लेथवर गेला. शिंप्याच्या बंद दुकानात रविवारी सकाळी त्यांचं अभ्यास मंडळ भरे. तिथं समाजवादावर असे वाद रंगत, की नाटकाची तिसरी घंटा झाली तरी कोणी जागेवर बसलं नसतं.

"कोणाला किती बूट लागतात हे कळल्याशिवाय बूट करायचे कसे?" काका टेबलावर बोट आपटत. "बाजारात ते भाव सांगतो. भाव नको, तर माणसानं सांगायला हवं. आणि ही आमची पोरगी माणसालाच लपवते."

"भावाला निदान माणसाचं नाव तरी ठाऊक नसतं," भूगोलाच्या निवृत्त बाई टोमणा मारत. त्या बाजाराच्या बाजूनं एकट्याच लढत.

"गरज ज्याची त्यानं सांगावी, काका," कुलूपताई म्हणे. "दाराआडून कोणी मोजू नये."

एक अडचण मात्र खरी निघाली. बॅटरी संपते म्हणून लोक यंत्र बंद ठेवत आणि निरोप असला की तेवढं चालू करत. म्हणजे ज्याचं चालू, तो बोलतोय. पडदा गुडघ्यापर्यंतच ओढला, तर नट कोण ते पायांवरून कळायचंच. काकांनी नियम मांडला: नव्या सभासदानं सहा महिने अखंड रिकामी पाकिटं पाठवायची, दुसऱ्यांना आडोसा द्यायचा, स्वतःचा निरोप लिहायची किल्ली त्यानंतर.

"गरज असेल त्याला आधी, असं तुम्हीच शिकवता ना?" कुलूपताईनं विरोध केला.

"शिकवतो. पण सगळेच घेणारे निघाले तर द्यायचं कोणी?"

एका मताच्या फरकानं नियम झाला. ती हरली.

आणि एका रविवारी दारात यादीवाला उभा. केस पिकलेले, हातात सभासदत्वाचा अर्ज. दादा बाकावर सरकला. "बसा साहेब." यादीवाल्यानं ना दादाला ओळखलं, ना तिला.

कारखान्याचा मालक बदलला होता आणि जुन्या अधिकाऱ्यांवर चौकशी लागली होती. "चार सहकाऱ्यांशी बोलायचंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "महिन्याच्या आत. आमचे फोन मोजताहेत हो."

काका विरघळले. "पोरी, नियम आपणच केला, आपणच सैल करू. माणूस अडचणीत आहे."

"मी त्या नियमाविरुद्ध हात वर केला होता, काका. आता तो सगळ्यांचा आहे." ती यादीवाल्याकडे वळली. "सहा महिने रिकामी पाकिटं पाठवायची. तुमच्या कारखान्यातले साठ कामगार यात आहेत. त्यांना तुमचा आडोसा होईल."

"ताई, मला एक महिनाच आहे."

"सहा म्हणजे सहा, साहेब. चौदा म्हणजे चौदा होते ना, तसंच."

तो तिच्याकडे पाहत राहिला, मग दादाकडे. आता त्याला ओळख पटली. तरी त्यानं सही केली. बुडत्याला काडीचा आधार.

त्यानं साध्या फोनवरून त्या चौघांना गाठलं. ते फोन मोजले गेले आणि तिसऱ्या आठवड्यात पाचही जणांना घरी बसवलं. बातमी दादानं आणली. त्या दिवशी कुलूपताई पोटभर जेवली.

"त्या चौघांनी तुझं काय बिघडवलं होतं?" दादानं विचारलं.

"तू त्या साहेबाचं काय बिघडवलं होतंस?"

पुढच्या रविवारी ती मशीनसमोर बसली. यादीवाल्याचं पाकीट तिला डोळ्यांनी पाहायचं होतं: कामगारांसाठी निघालेलं, रिकामं, मुकाट. पण तिच्याच करणीनं पडद्यावर फक्त एकूण आकडा दिसे. दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला असता तर कोणाचं पाकीट कुठलं ते पाहायची खिडकी उघडली असती. तिची बोटं तिथवर गेलीही.

"काय करतेस?" चहा घेऊन आलेल्या दादानं विचारलं.

"यादी," ती म्हणाली, आणि हात मागे घेतला.

दहा मिनिटं भरली. सभासद चारशे बारा. पाकिटं आली चारशे बारा. म्हणजे तो अजून पाठवत होता. किल्लीच्या आशेवर.

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून एका तारखेभोवती गोल काढला.

"देणार आहेस किल्ली?"

"नियम आहे. देणार, स्वतःच्या हातानं देणार," कुलूपताई म्हणाली आणि चहाचा कप उचलला. "तोवर त्याच्याशी बोलणारं कोणी उरलेलं नसेल."