मास्तर होण्याची पात्रता

किस्से कोणी पेरत नाही, ते गाजरगवतासारखे आपसूक उगवतात. आमच्या बी.एड.च्या गटातले आम्ही चौघं एकत्र जमलो की चहा हमखास थंड होतो, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं खुर्च्या सरकवून जवळ येतात.

परवा भाचीने विचारलं, "मावशी, टीचर व्हायला काय काय लागतं गं?"

मी सांगून टाकलं. आधी पदवी, मग सीईटी, मग विद्यापीठाचा दोन वर्षांचा बी.एड. त्यात सूक्ष्म पाठ, सराव पाठ, इंटर्नशिप, शेवटी वार्षिक पाठाची परीक्षा. आणि एवढं करून वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा!

"बस्स? एवढंच?"

एवढंच म्हणे! मग तिला खाली बसवलं आणि उरलेलं सगळं सांगितलं.

*

आमचं कॉलेज तळोद्याला. विज्ञान मेथडचा आमचा गट चौघांचा. मी शहाद्याकडची. जागृती तापीकाठच्या गुजर घरातली, तोंडाने फटाकडी. संजयभाऊ दोन लेकरांचे बाप, पपईची बाग सांभाळून शिकायला आलेले. आणि रायसिंग पावरा, धडगावच्या वरच्या एका पाड्यावरचा, अगदी मितभाषी. आमच्या डोक्यावर बोरसे सर. ते हसायचे नाहीत. हसू आलं की चष्मा पुसायचे.

अॅडमिशनच्या दिवशी क्लार्कने जागृतीला विचारलं, "माध्यम कोणतं?"

"घरी गुजरी, गावात अहिराणी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्लिश."

क्लार्कने पेन खाली ठेवलं. "मग स्वप्नं कोणत्या भाषेत पडतात?"

"आधी अॅडमिशन होऊ द्या साहेब," जागृती म्हणाली, "सीईटी दिल्यापासून झोपच लागलेली नाही!"

*

सूक्ष्म पाठ म्हणजे काय, तर एका वेळी एकच कौशल्य दाखवायचं. आज नुसते प्रश्न विचारायचे, उद्या नुसता फळा लिहायचा. समोर खरी मुलं नसतात. आपल्याच वर्गातल्या दाढी-मिशीवाल्यांनी आठवीची मुलं व्हायचं.

संजयभाऊ असले भारी आठवीतले व्हायचे की विचारू नका! खडू चोरायचे, पुढच्याच्या शर्टाला कागद चिकटवायचे. एकदा माझा पाठ चालू असताना करंगळी वर करून उभे राहिले.

"बाई, बाथरूमला जाऊ?"

मी ऐटीत म्हटलं, "जा, पण लगेच ये."

गेले ते गेलेच. पाठ संपला, चर्चा संपली, कॉलेज सुटलं. भाऊंचा पत्ता नाही!

दुसऱ्या दिवशी बोरसे सरांनी गाठलं. "काय हो, काल बाथरूमला गेलात ते?"

"सर, पपई तोडायला गाडी आली होती बांधावर."

"न सांगता निघून गेलात?"

"न सांगता कसा?" भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "वर्गशिक्षिकेची परवानगी घेऊन गेलो!"

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

*

सराव पाठ खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे. प्रस्तावनेचे प्रश्न असे विचारायचे की मुलं आपोआप विषयापर्यंत येतील. जागृतीचा विषय होता सौर ऊर्जा. सर मागच्या बाकावर निरीक्षणाला. तिने गोड आवाजात पहिला प्रश्न टाकला, "मुलांनो, सकाळी उठल्यावर आकाशात काय दिसतं?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "सौर ऊर्जा!"

जागृतीला कळेना, हे झालं काय. पुढच्या बाकावरच्या मुलीला दया आली असावी. ती म्हणाली, "बाई, मागच्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजचे सर आले होते. त्यांनी पण हेच विचारलं. त्यानंतर कपडे कशाने वाळतात ते विचारायचं असतं."

जागृतीच्या पुढच्या प्रश्नात कपडेच होते!

दुसरी कोणी असती तर रडली असती. हिने खडू उचलला आणि त्या मुलीच्या हातात दिला. "मग आज तू शिकव. चुकलीस की मी थांबवीन."

त्या मुलीने सोलर कुकरची आकृती काढली, दुसरीने ती खोडून पुन्हा काढली, त्यावरून वर्गात जोरदार भांडण झालं आणि त्या भांडणात सगळा घटक शिकवून झाला. तास संपल्यावर सरांचा शेरा आला : 'विद्यार्थी सहभाग उत्तम. शिक्षक सहभाग शोधावा लागला.'

पण गुण गटात सगळ्यांत जास्त तिलाच!

*

इंटर्नशिपला मला आणि रायसिंगला धडगावच्या वरची एक आश्रमशाळा मिळाली. माझी मराठी स्वच्छ, फळा सुंदर, आवाज खणखणीत. आणि समोर पाचवीचा वर्ग गप्प. घरी सगळे पावरी बोलणारे. मी प्रश्न विचारला की मुलं माझ्याकडे अशी बघायची, जशी एसटीच्या खिडकीतून मी गुजरातीतली पाटी बघते.

दोन-तीन दिवसांत माझं अवसान गळालं. रायसिंगला म्हटलं, "मला पावरी शिकव."

"सगळी?"

"पाण्याच्या पाठापुरती!"

त्याने व्हरांड्यात बसवून वाक्यं पाठ करून घेतली. दुसऱ्या दिवशी मी छाती काढून वर्गात गेले आणि पावरीत विचारलं, "पाणी कुठून येतं?"

निदान मला तरी वाटलं, की मी तेच विचारलं. सगळ्या मुलांनी खिडकीबाहेर स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथून भाकऱ्या करणारी म्हातारी आजी पिठाचे हात झटकत दारात आली आणि मराठीत म्हणाली, "काय बाई, बोलावलं?"

एक अक्षर घसरलं होतं. पाण्याच्या जागी म्हातारी आली होती! वर्ग हसून हसून बाकांखाली गेला. मीही हसले. आजीला सगळं कळल्यावर तीही दारातच फतकल मारून हसत बसली. त्यानंतर मात्र माझं प्रत्येक वाक्य सुधारायला निम्मा वर्ग हात वर करायचा. मी त्यांची भाषा चुकत चुकत बोलायचे, मुलंही माझी भाषा चुकत चुकत बोलायला लागली. जमलं!

*

पाठाला शैक्षणिक साधन लागतंच. सुट्टीत घरी येऊन मी पचनसंस्थेची झकास प्रतिकृती केली. थर्माकोलचं जठर, जाड दोराचं मोठं आतडं आणि कागदाच्या लांब सुरळीचं लहान आतडं. ते घेऊन तळोद्याहून जीपमध्ये बसले. ड्रायव्हर म्हणाला, "पोटाला वेगळी सीट नाही हं मॅडम, मांडीवर घ्या."

शेजारच्या मावशींनी निरखून पाहिलं. "हाई कोनं पोट शे, बाई?"

"आठवीचं!"

माझ्या पायाशी एकाची शेळी होती. घाटात जीप वळणं घेत होती आणि मी डोळे मिटून जीव मुठीत धरून बसले होते. धडगावला उतरले तेव्हा लहान आतडं गायब! शेळीच्या तोंडात शेवटचा तुकडा तेवढा हलत होता.

आठवीच्या वर्गात मी प्रतिकृती टेबलावर ठेवली. "हे जठर. हे मोठं आतडं."

"बाई, लहान आतडं कुठं?"

"शेळीच्या पोटात!" मी खरं ते सांगितलं.

वर्ग दोन मिनिटं हसला. मग एकाने विचारलं, "बाई, मग शेळीला कागद पचतो, तो आपल्याला का नाही पचत?"

लिहून आणलेली प्रस्तावना मी बाजूला ठेवली. याच्यापेक्षा चांगला प्रश्न मला सुचलाच नसता!

*

दुसऱ्या वर्षी टीईटी आली. संजयभाऊ पुस्तकं पसरून ओट्यावर बसलेले. त्यांचे वडील, आण्णा, बाजूला बिडी ओढत होते.

"बी.एड. करी ऱ्हायना ना तू? मंग हाई आखो कोनती परीक्षा?"

"आण्णा, ती डिग्री शे. हाई पात्रता शे."

आण्णांनी धूर सोडला. "म्हंजे दोन वरीस शिकीसन बी तू पात्र नही?"

भाऊ म्हणाले, "पात्र शे आण्णा. पन सरकारले माहीत नही!"

पहिल्याच झटक्यात पास झाले. सरकारला कळलं.

*

आणि वार्षिक पाठाची परीक्षा. तळोद्याच्याच एका शाळेत, सातवीचा वर्ग, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. चेहरा असा की मुलं श्वासही विचारून घेत होती. पाठ रायसिंगचा. त्याच्यानंतर माझा नंबर, म्हणून मी मागे बसले होते.

त्या दिवशी बाजार होता. रायसिंगची आई त्याच्याबरोबर डोंगरावरून उतरली होती. शिपायाला वाटलं, कुणाची तरी पालक आहे. त्याने तिला आणून शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी बसवलं! रायसिंगने पाहिलं, पण आता काय करणार? पाठ सुरू झाला होता.

त्याने वाफाळतं पाणी भांड्यात ओतलं, वर स्टीलचं झाकण ठेवलं. थोड्या वेळाने उचललं. आतून थेंब लोंबत होते.

"हे पाणी झाकणाला कुठून आलं?"

एकही हात वर नाही. बाईंचं पेन कागदावर थांबलेलं. सहा महिने राबला होता तो या पाठासाठी.

तेवढ्यात माझ्या शेजारचा हात वर गेला. आईचा!

रायसिंगने झाकण खाली ठेवलं. मग म्हणाला, "हं, सांगा. उभं राहून."

बाजारापुरती मराठी तिला कळायची. ती उभी राहिली, पदर सावरला आणि पावरीत काहीतरी ठणकावून बोलली. रायसिंगने वर्गाला सांगितलं, "त्या म्हणतात, झाकण नीट पुसलं नव्हतं."

मुलं फुटलीच. रायसिंग मात्र हसला नाही.

"चूक," तो म्हणाला. "बसा."

त्याने खिशातला रुमाल काढला, झाकण दोन्ही बाजूंनी खडखडीत पुसलं, आईला दाखवलं, वर्गाला दाखवलं, पुन्हा भांड्यावर ठेवलं. सगळे बाकांवरून पुढे झुकले. आईही झुकली. झाकण उचललं, पुन्हा थेंब! आणि मग चहूकडून हात वर आले, "सर, वाफ! सर, वाफेचं पाणी!"

तास संपला. परीक्षक बाईंनी त्याला जवळ बोलावलं. "त्या तुमच्या आई?"

"हो मॅडम."

"आईला सरळ चूक म्हणालात?"

"पाठ चालू होता, मॅडम."

बाई शेवटच्या बाकाजवळ आल्या. "विचारा त्यांना, मुलगा कसा शिकवतो?"

रायसिंगने विचारलं. आई बरंच काही बोलली. तो लाल होऊन खाली बघत राहिला, एक शब्द सांगेना. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्याही घरी पावरीच बोलायचे.

"मी सांगू, मॅडम? त्या म्हणतात, आमच्या पाड्यात माझं चुकलं म्हणायची कोणाची हिंमत नाही. ह्याच्या बापाची पण नव्हती. आज हा म्हणाला. झाला मास्तर!"